बिनपंख्याचा संगणक

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे खाली उतरतात, पितळेची भांडी चिंचेने घासून निघतात, गाद्यांना ऊन दाखवले जाते. टेबलाखाली बसलेल्या संगणकाच्या पेटीकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. यंदा थोडा वेळ काढून, वीज बंद करून व प्लग काढून, तिचे एका बाजूचे झाकण उघडून पाहा. आत राखाडी लोकरीसारखा धुळीचा थर बसलेला आढळेल. ही धूळ आपण होऊन आत गेलेली नसते. पेटीतला पंखा दिवसभर खोलीतली हवा आत ओढतो, आणि हवेबरोबर धूळ, कापसाचे तंतू, फोडणीचा तेलकट धूर असे सारे काही ओढून घेतो. जाळी तुंबली की हवा कमी मिळते. हवा कमी मिळाली की पंखा अधिक जोराने फिरतो. आणि मग रात्री अकरा वाजता मुलगा अभ्यासाला बसला की शेजारच्या खाटेवर आजी कूस बदलू लागते.

दोन खोल्यांच्या घरात ही गोष्ट क्षुल्लक नाही. ज्या खोलीत संगणक, त्याच खोलीत झोप, तिथेच अभ्यास आणि तिथेच कुणाचे तरी ऑफिसातून घरी आलेले काम. म्हणून ह्या खेपेस आपल्या सदरात बिनपंख्याच्या संगणकाची हकीकत सांगावी असे योजले आहे. असा संगणक घरच्या घरी जुळवता येतो. त्यासाठी कोणी इंजिनिअर असावे लागत नाही. थोडे शास्त्र, एखाददुसरे त्रैराशिक आणि एक स्क्रू-ड्रायव्हर एवढ्यावर भागते.

पंखा लागतो कशाला?

गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप वीज खातो, पण तिच्यातला काही भाग वर चढलेल्या पाण्याच्या रूपाने शिल्लक राहतो. संगणक तशी शिल्लक ठेवीत नाही. पत्र लिहून झाले, हिशेब मांडून झाला, सिनेमा पाहून झाला, की खाल्लेली सारी वीज उष्णता होऊन खोलीत उतरते. ९० वॅट वीज खाणारा संगणक म्हणजे उष्णतेच्या बाबतीत ९० वॅटची शेगडीच समजा. ही उष्णता बोटाच्या नखाएवढ्या चिपेतून निघते, आणि ती तिथून वेळेवर हलवली नाही तर चिपेचे तापमान शंभर अंशांपर्यंत चढायला फार वेळ लागत नाही. म्हणून पंखा.

हा प्रश्न संगणकाच्या जन्माइतकाच जुना आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १९४६ साली जगापुढे आलेल्या 'एनिॲक' यंत्रात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते, आणि ते सुमारे १५० किलोवॅट वीज खात असे. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला 'टीआयएफआरएसी' हा संगणक १९६० साली कामाला लागला, तोही व्हॉल्व्हचाच. ज्यांच्या घरी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल, की तासभर गाणी ऐकल्यावर त्याच्या पाठीला हात लावला तर चांगलाच गरम लागे. रेडिओत असे चार-सहा व्हॉल्व्ह, संगणकात हजारो. पुढे ट्रान्झिस्टर आले, मग चिपा आल्या, आणि एकेका गणितामागे लागणारी वीज कमी होत गेली. पण माणसाची हाव अशी, की वाचलेली वीज त्याने अधिक वेगासाठी खर्च केली. त्यामुळे घरगुती संगणक आकाराने लहान झाला तरी त्याचा पंखा काही सुटला नाही.

मिठाईच्या डब्याचे गणित

आता एक साधे गणित करू. २० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर उंच असा मिठाईच्या मोठ्या डब्याएवढा धातूचा डबा घ्या. तळ टेबलाला टेकलेला, म्हणून तो सोडून द्या. वरची बाजू ४०० चौरस सेंटिमीटर आणि चार भिंती मिळून ४८०, असा एकूण ८८० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग उघडा राहिला. रंग दिलेल्या धातूचा एक चौरस मीटर पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा एक अंश अधिक तापला, की पंख्याविना तो साधारण १० वॅट उष्णता बाहेर टाकतो. त्या मानाने आपला डबा अंशामागे सुमारे ०.९ वॅट टाकील. खोलीपेक्षा तो १५ अंशांनी तापला तर सुमारे १३ वॅट. म्हणजे खोली ३० अंशांवर असेल तर डबा ४५ अंशांवर राहील. हाताला कोमट-गरम लागेल, पण चटका बसणार नाही.

आता त्याच डब्यात ९० वॅटचा संगणक कोंबा. ह्या हिशेबाने डबा खोलीपेक्षा शंभर अंशांनी तापायला हवा. तापलेली वस्तू उष्णता जरा अधिक वेगाने टाकते, तेव्हा प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल. पण त्या डब्याला हात लावण्याची सोय राहणार नाही, आणि आतली चिप तर त्याहून कितीतरी अधिक तापलेली असेल.

सांगायचा मुद्दा हा, की पंखा काढून टाकण्याचा विचार सर्वांत शेवटी करायचा. आधी यंत्राची भूक कमी करायची. १०-१५ वॅटवर भागणारा संगणक असला, तर मिठाईचा डबाच त्याचा पंखा होतो.

ही गोष्ट न ओळखल्याने भले भले फसले आहेत. ॲपल कंपनीने १९८० साली काढलेल्या 'ॲपल थ्री' संगणकात पंखा नव्हता. पंख्याच्या आवाजाचा स्टीव्ह जॉब्स ह्यांना तिटकारा होता. उष्णता शोषून घ्यायला खाली ॲल्युमिनियमचा जाड तळ दिला होता. पण आत दाटी फार. चिपा आपल्या जागेवरून हलून ढिल्या होऊ लागल्या, आणि यंत्र दोन-तीन इंच उचलून टेबलावर आपटावे म्हणजे त्या पुन्हा नीट बसतात, असा सल्ला गिऱ्हाइकांना देण्याची पाळी कंपनीवर आली! त्याच कंपनीने २००० साली 'क्यूब' नावाचा चौकोनी संगणक काढला. त्यात खालून थंड हवा शिरून वरच्या जाळीतून गरम हवा निघून जाई. चुलीच्या धुराड्याचेच हे तत्त्व. कल्पना नामी होती. पण किंमत भारी पडली, खप झाला नाही, आणि पुढच्याच वर्षी त्याचे उत्पादन थांबले.

भूक कमी कशी झाली?

तैवानच्या 'व्हिया' कंपनीने २००१ साली अवघ्या १७ सेंटिमीटर चौरस मापाचा मदरबोर्ड पुढे आणला. 'मिनी-आयटीएक्स' नावाचे ते माप आजही चालू आहे. २०१२ साली इंग्लंडात केंब्रिजहून 'रास्पबेरी पाय' आला. एटीएम कार्डाएवढ्या पाटीवरचा हा संगणक मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी काढलेला होता, आणि त्याला पंखा नव्हता. त्याच मंडळींनी २०२० साली कीबोर्डच्या आतच अख्खा संगणक बसवला. आत कीबोर्डच्या लांबीचा धातूचा पत्रा घातला आणि त्यावरच उष्णतेचे काम भागवले. २०२३ साली इंटेलने 'एन-१००' हा चार गाभ्यांचा प्रोसेसर बाजारात आणला. त्याची ठरावीक भूक ६ वॅटची आहे. हा आकडा चिपेचा झाला. काम एकदम वाढले की ती काही काळ अधिक खाते, शिवाय मदरबोर्ड, रॅम ह्यांचा वाटा निराळा. सारे मिळून असा संगणक नुसता बसला असता १० वॅटच्या आतबाहेर आणि पूर्ण जोरात २०-२५ वॅटपर्यंत जातो. पण घरातल्या कामात पूर्ण जोराचे क्षण थोडे असतात.

इथे एक हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. चिपेची भूक तिच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि तिला लागणाऱ्या व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग थोडा उतरवला की व्होल्टेजही उतरवता येते. समजा, दोन्ही दहा टक्क्यांनी उतरवली, तर ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९ म्हणजे सुमारे ०.७३. दहा टक्के वेग सोडला आणि सत्तावीस टक्के उष्णता वाचली! बाजारात इतका चांगला सौदा सहसा मिळत नाही. पुष्कळ मदरबोर्डांच्या मूळ सेटिंगमध्ये वॅटची मर्यादा घालून देण्याची सोय असते. तिचा लाभ अवश्य घ्यावा.

जुळवणी

सामान फारसे लागत नाही. प्रोसेसर कायमचा बसवलेला एक मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड. काहींवर पात्यांचा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, कारखान्यातूनच बसवलेला येतो. ८ किंवा १६ जीबी रॅम. साठवणीसाठी एसएसडी, जुनी हार्ड डिस्क घेऊ नये, कारण तिच्यात मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणारी तबकडी असते, आणि पंखा गेल्यावर तिचीच घरघर ऐकू येऊ लागते. विजेसाठी लॅपटॉपसारखा बाहेरचा ॲडॉप्टर चालेल असा बोर्ड निवडावा. म्हणजे पेटीतला पंखेवाला पॉवर सप्लाय टळतो आणि त्याची उष्णताही पेटीबाहेर राहते. आणि शेवटी कॅबिनेट.

कॅबिनेट दोन प्रकारचे मिळते. पहिल्यात नुसतेच भरपूर झरोके असतात, खाली आणि वर. दुसऱ्यात कॅबिनेटची भिंतच पात्यांची असते आणि चिपेपासून भिंतीपर्यंत तांब्याच्या नळ्या जातात. ह्या नळ्या भरीव नसतात. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर ह्यांनी १९६३ साली ह्या युक्तीला आजचे रूप दिले. नळीतली हवा काढून टाकून आत थोडेसे पाणी ठेवतात. चिपेकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. उकडीचे मोदक उकडताना झाकणाच्या आतून पाणी ठिबकते ना, तेच हे. मात्र नळीत हे चक्र अखंड चालू राहते.

जुळवताना तीन गोष्टी सांभाळाव्या. एक, बोर्डाला हात लावण्यापूर्वी एखाद्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज उतरवावी. दोन, चिप आणि धातू ह्यांच्यामध्ये हवेची पापुद्र्याइतकीही फट राहू नये. हवा ही उष्णतेची मोठी वैरीण. म्हणून मध्ये वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट लावतात. ती फट भरण्यापुरतीच असावी. श्रीखंडासारखी थापू नये. तीन, हीटसिंकची पाती विरळ असावीत. पंख्याखाली वापरायच्या ठोकळ्याची पाती दाट असतात, आणि पंखा नसला तर त्या दाटीतून हवा वर चढत नाही.

रंगाविषयीही बरेच गैरसमज आहेत. पेटी काळीच असावी असे पुष्कळांना वाटते. खरे पाहता काळा काय नि पांढरा काय, कोणत्याही साध्या रंगाचा लेप उष्णता चांगलीच बाहेर टाकतो. आरशासारखा चकचकीत उघडा धातू मात्र ह्या कामी मागे पडतो. दिसायला देखणी पेटी गरम राहील, आणि साधी रंगवलेली थंड.

आपली हवा, आपली घरे

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. परदेशी परीक्षणांत दिलेले तापमानाचे आकडे २०-२५ अंशांच्या खोलीतले असतात. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश होतात. बिनपंख्याचा संगणक खोलीच्या तापमानावर आपले तापमान चढवतो. खोली वीस अंशांनी तापली की चिपही जवळजवळ तितकीच तापते. तेव्हा दिवाळीच्या सुमारास संगणक जुळवणाऱ्यांनी अशी कसोटी घ्यावी. संगणकाला तासभर पूर्ण जोरात राबवावे आणि चिपेचे तापमान पाहावे. धातू तापायला वेळ लागतो, म्हणून पाच मिनिटांच्या आकड्यावर विसंबू नये. समजा, खोली २७ अंशांवर आहे आणि चिप ७२ वर स्थिरावली. फरक ४५ अंशांचा. आता मे महिन्यात तुमची खोली ४० अंशांवर जाते असे धरले, तर चिप ८५ वर जाईल. हे चालेल. हीच बेरीज शंभराकडे झुकू लागली तर वॅटची मर्यादा आणखी खाली आणावी. चिप जळत नाही, कारण अति तापल्यावर ती आपण होऊन वेग कमी करते; पण ऐन परीक्षेच्या दिवसांत संगणक रेंगाळू लागला तर त्याचा उपयोग काय?

मुंबई-कोकणच्या दमट हवेची चिंता कित्येकांना वाटते. घामाने गारवा मिळवणाऱ्या माणसाला ती हवा बाधते. पात्यांना घाम येत नाही, त्यामुळे त्यांच्या कामात तिने फरक पडत नाही. उलट आपल्या घरात एक मोठी सोय आयती आहे. उन्हाळ्यात छताचा पंखा चालूच असतो, आणि त्याच्या मंद झुळकेनेही पात्यांचे काम पुष्कळ हलके होते. आता कोणी म्हणेल, छताचाच पंखा घरघरतो, तर संगणक मुका असून काय लाभ? पण पुण्या-नाशिकला थंडी पडली की छताचा पंखा बंद होतो, आणि त्या शांततेत टेबलाखालची घरघर अधिकच बोचते. शिवाय धूळ ही बारमाहीची आहे.

पेटी कुठे ठेवायची ह्याबद्दलही दोन शब्द. पाती उभी राहतील अशी ठेवावी, म्हणजे गरम हवा त्यांच्यामधून सरळ वर जाते. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे. बंद कपाटात ठेवू नये. आणि गृहिणींना एक विनंती: पेटी कितीही उघडीबोडकी वाटली तरी तिच्यावर क्रोशाचा रुमाल घालू नये, की वर फुलदाणी मांडू नये. तिची पाठ उघडी राहणे हेच तिचे श्वास घेणे आहे.

काय मिळते, काय मिळत नाही

लिहिणे, हिशेब, टपाल, मुलांचे ऑनलाइन वर्ग, सिनेमा, गाणी, फोटोंची साठवण ही सारी कामे असा संगणक विनातक्रार करतो. भारी खेळ आणि मोठ्या चित्रफितींचे संपादन ह्यांसाठी तो नाही; अशांनी पंख्याची लाज बाळगू नये. त्यांच्यासाठी मधला मार्ग म्हणजे मोठ्या पात्यांचा, हळू फिरणारा पंखा. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबलने उतरलेला आवाज कानाला जवळजवळ निम्मा वाटतो. आणखी एक गोष्ट: पंखा गेला म्हणजे संपूर्ण निःशब्दता आलीच असे नाही. काही बोर्ड व ॲडॉप्टर बारीक कुईं असा सूर काढतात. घेण्यापूर्वी दुकानात कान लावून ऐकावे; दुकानदार हसला तर हसू द्यावे.

विजेचे म्हणाल तर दिवसाला ६ तास धरून ९० वॅटचा संगणक महिन्याला १६ युनिट खातो, आणि १० वॅटचा २ युनिटही नाही. वर्षाकाठी दीडशेहून अधिक युनिट वाचतात. मात्र पडद्याला विसरू नका. साधा मॉनिटर १५-२५ वॅट घेतो. म्हणजे मुका संगणक आणल्यावर घरातला मोठा खादाड पडदाच ठरतो! उठताना तो बंद करण्याची सवय मुलांना लावावी.

नवे सामान घेण्याइतका खर्च करायचा नसेल, तर दुसरीही वाट आहे. बँका व कचेऱ्यांतून 'थिन क्लायंट' नावाच्या छोट्या पेट्या वापरून झाल्यावर जुन्या बाजारात येतात. त्यांतल्या पुष्कळशा मुळातच बिनपंख्याच्या असतात. डेलची 'वायस ५०७०' ही त्यांपैकीच एक. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत चौकशी करावी. घेताना ॲडॉप्टर बरोबर आहे ना, रॅम वाढवता येते ना आणि एसएसडीला जागा आहे ना, एवढे पाहून घ्यावे. त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली, की शाळकरी मुलाचा पहिला संगणक तयार होतो.

कचेरीतून निवृत्त झालेली ही पेटी घरी येऊन आणखी काही वर्षे सहज काम करील, आणि तेही कोणाची झोप न मोडता. अभ्यास करणाऱ्याने मन लावून अभ्यास करावा आणि झोपणाऱ्याने निवांत झोपावे, ह्यासाठी दर वेळी वेगळी खोली लागतेच असे नाही. तेव्हा फराळाची धांदल आटोपली, पाहुणे आपापल्या गावी परतले, की भाऊबीजेनंतरच्या एखाद्या दुपारी मुलांना जवळ बसवून हा खटाटोप करून पाहा. स्क्रू मुलांच्या हातून पिळून घ्या, आणि तापमानाचे त्रैराशिक त्यांच्याकडूनच सोडवून घ्या. सर्व वाचकांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!